भाजी, डबा आणि एक टिंब

मंडळी, आज थोडं वेगळं. नेहमीच्या आठवणी आणि पुस्तकं बाजूला ठेवून आज व्हिडिओच्या फायलीबद्दल लिहिणार आहे. मराठी शिकवण्यात हयात गेलेल्या बाईने हे कशाला लिहावं, असं वाटेल. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी खुशाल चहा ठेवावा. पण घरातल्या मोठ्या माणसाला फोनवरची कामं दुरून शिकवायची वेळ तुमच्यावर आली असेल, तर जरा थांबा.

आमच्या वन्सं कराडला एकट्या असतात. वीजबिल, गॅस, पाणीपट्टी हा सगळा कारभार त्यांचे यजमान बघायचे. गेल्या वर्षी ते गेले. मुलगा परदेशात. तो तिथून सगळं भरू शकतो, भरतोही. पण वन्सं मला म्हणाल्या, "वहिनी, दिवा माझ्या घरात लागतो, बिल मला भरता यायला हवं." यापुढे बोलायला काही उरलंच नाही.

फोनवर "उजवीकडे वर तीन टिंबं दिसतात का?" असं विचारून शिकवणं म्हणजे दोघींच्या संयमाची परीक्षा. म्हणून ठरवलं, आपल्या स्क्रीनवर काम करायचं, सोबत बोलायचं, आणि त्याचंच रेकॉर्डिंग पाठवायचं. त्यांना हवं तिथे थांबवता येतं, मागे नेता येतं. वर्गात तेच वाक्य चौथ्यांदा सांगताना शिक्षकाचा आवाज नाही म्हटलं तरी बदलतो. व्हिडिओचा बदलत नाही!

पहिला धडा मराठी टायपिंगचा. त्यात मुद्दाम 'भाडे' आणि 'भांडे' असे दोन शब्द घेतले होते, अनुस्वार कुठून येतो ते दाखवायला. वन्संना पाठवण्याआधी तो व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवरून यांच्या फोनवर पाठवून पाहिला. भांड्यावरचं टिंब गायब! दोन्हीकडे भाडंच. जे शिकवायचं तेच नेमकं पुसलं गेलं होतं. माझ्या लॅपटॉपवर मात्र तेच टिंब ठसठशीत दिसत होतं.

मग भाच्याला गाठलं आणि त्याच्याकडून जे समजलं ते माझ्या भाषेत सांगते. आपण जिला एमपी४ म्हणतो तो नुसता डबा. आत भाजी कोणती आणि ती कशी वाळवली आहे, हे डब्यावरून कळत नाही. वाळवण्याची पद्धत म्हणजे कोडेक. उन्हाळ्यात गवार वाळवतो, पावसाळ्यात भिजवून करतो, तसंच. जागा खूप वाचते, पण भिजवलेली गवार ताज्या गवारीसारखी होत नाही. थोडं काही हरवतंच. आणि खाणाऱ्याच्या घरी ती भिजवता यायला हवी, नाहीतर डबा उघडूनही उपाशी. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलं की ते आपली वाळवलेली भाजी भिजवून पुन्हा वाळवतं. त्याचा हेतू डेटा वाचवण्याचा आहे, त्यात गैर काही नाही. समुद्रकिनाऱ्यावर खेळणारी नातवंडं त्यात छानच दिसतात. टिंब मात्र जातं.

त्याचं कारण मला फार गमतीचं वाटलं. हे कोडेक मुख्यतः कॅमेऱ्याच्या चित्रांसाठी घडवले गेले. झाडाची चार पानं पुसट झाली तर डोळ्याला कळत नाही. अक्षराची कड पुसट झाली की लगेच खुपतं. शिवाय नेहमीच्या व्हिडिओत उजेड-अंधार प्रत्येक ठिपक्याचा वेगळा ठेवतात, पण रंग मात्र चार ठिपक्यांत मिळून एकच. म्हणून निळ्यावर लाल अक्षरं लिहाल तर ती पसरट दिसणार. पांढऱ्यावर काळी लिहाल तर कडा शाबूत राहणार. फळ्यावर रंगीत खडू जपूनच वापरावेत, हे आम्ही डी.एड., बी.एड.वाल्या मुलींना उगाच नव्हतो सांगत! :)

आता पद्धत निवडायची. नावं बरीच. एच.२६४ ही २००३ सालची. तिच्यानंतरची एच.२६५, म्हणजे एचईव्हीसी, २०१३ ची. तेवढ्याच दर्जाला साधारण निम्मी जागा, असा तिचा लौकिक. गूगलची व्हीपी९ त्याच सुमाराची. एव्ही१ ही २०१८ ची, सर्वांत काटकसरी आणि परवाना शुल्काशिवाय वापरता यावी म्हणून बऱ्याच कंपन्यांनी मिळून केलेली. भाचा अर्थातच एव्ही१ च्या बाजूने. "मावशी, फाईल एवढीशी होते!"

मी म्हटलं, परीक्षा घेऊ. दोन मिनिटांचा एकच तुकडा चारही तऱ्हांनी केला आणि नात्यातल्या सात घरी पाठवला. प्रत्येकाने फक्त 'दिसलं', 'अडखळलं' किंवा 'उघडलंच नाही' एवढंच कळवायचं. भाच्याच्या नव्या फोनवर चारही पास. एचईव्हीसीसाठी माझ्या लॅपटॉपने वेगळी जोड विकत घ्यायला सांगितलं. व्हीपी९ वेबएमच्या डब्यात होती, ती धाकट्या बहिणीच्या आयफोनच्या फोटोंमध्ये जाईचना. एव्ही१ वन्संच्या जुन्या फोनवर अडखळली आणि फोन तापला. ती उलगडायचं काम करणारा खास भाग जुन्या फोनच्या चिपमध्ये नसतो, सगळा भार मुख्य मेंदूवर पडतो. आयफोनमध्येसुद्धा हा भाग २०२३ च्या १५ प्रोपासून आला, म्हणजे बघा. वीस वर्षांपूर्वीची एच.२६४ मात्र सातही घरी मुकाट्याने चालली.

निकाल लागला. भाच्याला पटलं नाही. त्याच्या मते मी जुन्या गोष्टीला चिकटून बसले आहे. पण पहिल्या बाकावरच्या मुलाला काय येतं यावर धडा ठरवायचा नसतो, हे मी बाहेर कितीही हट्टी म्हणवून घेतलं तरी सोडणार नाही. आणि खरं तर काटकसरीची इथे गरजही कमीच. कोडेक पूर्ण चित्र मधूनमधूनच ठेवतो, एरवी फक्त बदललेला भाग. स्क्रीनवर बदलतं ते काय, तर एक बाण आणि चार अक्षरं. माझा चार मिनिटांचा धडा आठ-नऊ एमबीत बसतो.

कुणाला करून पाहायचं असेल तर माझी रीत अशी. लॅपटॉपवर ओबीएसने रेकॉर्ड करते, तेही एमकेव्हीच्या डब्यात. साध्या एमपी४ ची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते, त्यामुळे मध्येच वीज जाऊन लॅपटॉप बंद पडला की अख्खी फाईल गेली. एमकेव्हीत तोवरचं राहतं. आमच्याकडे विजेचं तुम्हाला ठाऊकच आहे. मग हँडब्रेक नावाच्या फुकट प्रोग्रॅमने एमपी४, एच.२६४, आवाज एएसी. चित्र १२८० बाय ७२०, सेकंदाला १५ चौकटी, त्या पुरतात. दर्जाचा आकडा मी २० ठेवते. तो जितका कमी तितकं चित्र चांगलं आणि फाईल मोठी, हे मात्र उलटं आहे, लक्षात ठेवा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना गॅलरीतून नाही, 'डॉक्युमेंट' म्हणून. मग ते फाईलला हात लावत नाही, जशीच्या तशी पोचते. २०२२ पासून दोन जीबीपर्यंत चालते, आपल्याला एवढी कधी लागणार! टिंब शाबूत पोचलं. भांडं भांड्याच्या जागी.

एक सावधगिरी. रेकॉर्डिंग करताना येणारे निरोप बंद ठेवा, नाहीतर तुमचा ओटीपी नातेवाइकांच्या फोनभर फिरेल. बँकेचं अ‍ॅप दाखवायला जाल तर बहुधा नुसता काळा पडदा येईल. सुरक्षेसाठी तसं मुद्दामच करतात, आणि करावंच. तेवढ्या कामासाठी मी एसटीने कराडला जाऊन आले, दोन दिवस राहिलेही.

वीजबिलाचा व्हिडिओ वन्संनी अकरा वेळा पाहिला, असं त्यांनीच मोजून सांगितलं. परवा बिल भरलं आणि पावतीचा फोटो पाठवला. खाली मराठीत लिहिलं होतं, "वहिनी, आता पाणीपट्टी." तिथल्या पानावरची अक्षरं फारच बारीक आहेत. उद्या सकाळी, रस्त्यावरचे हॉर्न सुरू व्हायच्या आत, आधी पान दीडपट मोठं करून घेईन आणि मग रेकॉर्डिंगला बसेन.