पिट्टूत काय होतं?

सातारा जिल्ह्यात माजी सैनिकांच्या मुलाखतींना निघण्याआधी मी विद्यार्थ्यांकडून प्रश्न लिहून घेते. 'तेव्हा काय वाटलं?' आणि 'भीती वाटली का?' हे दोन हमखास असतात. दोन्ही मी खोडते. त्यांची उत्तरं फौजी माणसाकडे तयार असतात, पंधरा ऑगस्टच्या भाषणांत घोटून घोटून गुळगुळीत झालेली. त्याऐवजी विचारा, पाठीवरच्या पिट्टूत काय काय होतं?

१९७१ च्या डिसेंबरात १ मराठा लाइट इन्फंट्री ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या दक्षिणेला गेली आणि तिनं पाकिस्तानी फौजेची माघारीची वाट अडवली. १० तारखेच्या रात्री ३१ बलूच या पाकिस्तानी पलटणीनं ती नाकेबंदी फोडायचा प्रयत्न केला. एवढं पुस्तकांत आहे, आणि ते वाचूनच जायचं. पण त्या मराठा पलटणीतले एक सुभेदारसाहेब पिट्टूच्या प्रश्नावर उठून उभेच राहिले. पट्टा खांद्यात कुठं रुतायचा ते त्यांनी अंगठ्यानं दाबून दाखवलं. कोरडे मोजे कुठं दडवले होते, भिजलेले बूट किती जड झाले होते, असं सांगता सांगता शेजारून चालणाऱ्या जोडीदाराचं नाव आलं आणि ते थांबले. घरात ते नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. माझी विद्यार्थिनी पुढचा प्रश्न विचारायला सरसावली, मी तिला खुणेनं थांबवलं. प्रश्न महिनाभरात शिकवता येतात. असं गप्प बसायला शिकवणं फार अवघड.

तारखा चुकतात, गावांची नावं बदलतात. तोंडावर दुरुस्त करायचं नाही, टिपण करून ठेवायचं. इटलीतल्या तेर्नीचा कामगार लुइजी त्रास्तुल्ली १९४९ मध्ये मारला गेला. पण मौखिक इतिहासाचे अभ्यासक अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांना अनेकांनी तो १९५३ च्या कामगारकपातीच्या वेळी गेल्याचं सांगितलं. स्मरणानं ते मरण तिथं का नेऊन ठेवलं, याचाच पोर्तेल्लींनी शोध घेतला. हे उदाहरण मी दर वर्षी सांगते.

स्वयंपाकघराच्या दारातून ऐकणाऱ्या आजींसाठी मात्र वेगळा दिवस मागायचा, मागच्या पडवीत. पत्र कोण वाचून दाखवायचं, मनीऑर्डर कुणाच्या हातात पडायची, तारवाला दिसला की गल्लीत काय व्हायचं, हे युद्ध त्यांनाच ठाऊक.

लिहून काढलेला मजकूर आधी मुलाखत देणाऱ्यांच्या घरी जातो, सही त्यानंतर. ते गाळा म्हणतील ते आम्ही गाळतो, कारण विचारत नाही.