डबे शोधणाऱ्यांचा मेळावा

लेटरबॉक्स म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर नाक्यावरची तांबडी पेटी उभी राहते. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात मात्र या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. तेथील डार्टमूर नावाच्या विस्तीर्ण, ओसाड माळावर दगडांच्या आडोशाला लहान लहान डबे दडवून ठेवलेले असतात. डब्यात एक रबरी शिक्का आणि एक वही. लिहून दिलेल्या खुणांवरून डबा शोधायचा, त्यातील शिक्का आपल्या वहीत उमटवायचा, आपला स्वतःचा शिक्का डब्यातील वहीत उमटवायचा आणि डबा होता तसा झाकून पुढे चालू लागायचे. बक्षीस नाही, टाळ्या नाहीत, पाहणारेही कोणी नाही. या छंदाला तिकडे लेटरबॉक्सिंग म्हणतात.

याचा आरंभ १८५४ सालचा. चॅगफर्ड गावचा जेम्स पेरट हा वाटाड्या प्रवाशांना क्रॅनमिअर पूल या दुर्गम जागी नेत असे. नाव तळ्याचे, प्रत्यक्षात तेथे दलदलीचा एक खळगा आहे. तेथवर पोहोचणे हेच दिव्य, म्हणून पोहोचलेल्यांनी आपले नावाचे कार्ड ठेवून यावे यासाठी त्याने दगडांच्या राशीत एक बाटली ठेवली. पुढे लोक आपलाच पत्ता लिहिलेले पोस्टकार्ड तेथे ठेवू लागले. नंतर येणाऱ्याने ते उचलून टपालात टाकायचे. कधी कोण येईल याचा नेम नाही, तरी कार्ड घरी पोहोचत असे. लेटरबॉक्स हे नाव त्यावरून पडले. १९३८ साली डक्स पूल येथे विल्यम क्रॉसिंग या डार्टमूरच्या अभ्यासू लेखकाच्या स्मरणार्थ असाच डबा बसवण्यात आला. पुढे डब्यांची संख्या वाढत गेली, आणि १९९८ साली ‘स्मिथसोनियन’ मासिकात आलेल्या एका लेखामुळे हा छंद अमेरिकेतही पसरला.

आमचा त्याच्याशी संबंध आला २०१८ साली. त्या वर्षी माळाच्या कडेला असलेल्या बकफास्टच्या बेनेडिक्टाइन मठाची सहस्राब्दी होती. १०१८ साली स्थापन झालेला आणि १५३९ साली राजाज्ञेने बंद पडलेला हा मठ १८८२ साली पुन्हा सुरू झाला, आणि त्याचे चर्च थोड्याशा मठवासीयांनी १९०७ ते १९३८ या काळात स्वतःच्या हातांनी बांधले. तेथून जवळच्या एका लहानशा धर्मग्रामात आम्ही काही महिने बदली धर्मगुरू म्हणून होतो. ऑक्टोबरमध्ये एके दिवशी पाच-सहा मंडळी सभागृह मागण्यास आली. त्यांना डबे शोधणाऱ्यांचा मेळावा भरवावयाचा होता.

एकांतात रमणाऱ्यांचा मेळावा! आम्हांला प्रथम हसू आले. पण ही माणसे एकमेकांना वर्षानुवर्षे केवळ शिक्क्यांवरून ओळखत होती. कोणाचा शिक्का बेडकाचा, कोणाचा किटलीचा. वहीत आपल्या आधी कोण येऊन गेले ते दिसे; त्याचा चेहरा मात्र कधी पाहिलेला नसे. त्यामुळे छातीवर लावायच्या चिठ्ठीवर काय असावे यावरच पहिली अर्धी सभा खर्ची पडली. शेवटी ठरले, चिठ्ठीवर फक्त शिक्का. नाव ज्याचे त्याने सांगावे.

बाकीच्या गोष्टी भराभर ठरल्या. मेळावा २८ ऑक्टोबरच्या रविवारी. त्या दिवशी तिकडे सर्व घड्याळे एक तास मागे घेतात आणि अशा दिवशी जमण्याची या मंडळींची जुनी प्रथा आहे. जे घड्याळ मागे घ्यायला विसरतील ते तासभर आधीच येणार, म्हणून सकाळची मिस्सा आटोपताच चहाचे आधण ठेवावे, असे एका शहाण्या बाईंनी सुचवले. मुरंब्याचे बोट वहीला लागले की वर्षांची मेहनत वाया, म्हणून चहाचे टेबल एका टोकाला आणि शिक्क्यांचे दुसऱ्या टोकाला. शाई वाळायला वेळ लागतो, तेव्हा वह्या उघड्या ठेवायला खिडकीखाली एक बाक रिकामे. आमच्याकडे सणाच्या सभेत मंडप आणि बँड यांवर जेवढा वेळ जातो, त्याच्या चौथाईत एवढे झाले.

अडले ते एका म्हाताऱ्या गृहस्थांपाशी. त्यांनी आयुष्यभर तो माळ तुडवला होता. आता दोन काठ्यांवाचून त्यांना उभेही राहवत नव्हते. मेळाव्यासाठी म्हणून बारा नवे डबे माळावर दडवायचे होते, आणि चिटणीसांचे म्हणणे असे की या वडीलधाऱ्यांना व्यासपीठावर खुर्ची द्यावी, त्यांचा सत्कार करावा. गृहस्थ तेथेच बसले होते. ते शांतपणे म्हणाले, “मला खुर्ची नको. मला डबा द्या.”

सभेत दोन तट पडले. चालल्याशिवाय सापडलेला डबा हा डबाच नव्हे, असे काहींचे मत. ते अगदीच चुकीचे नव्हते. चालण्याचे कष्ट काढून घेतले तर या छंदात उरते काय? मग चहाच्या आधणाची आठवण ठेवणाऱ्या त्याच बाई बोलल्या. बारांपैकी चार डबे चर्चच्या बागेत ठेवावे, खुणा मात्र माळावरच्या डब्यांपेक्षाही अवघड द्याव्या. पाय थकले आहेत, डोके नाही. आम्हांला हे पटले आणि आम्ही तसे सांगितले. शाल-श्रीफळ देऊन माणसाला बाजूला बसवणे आपल्या धर्मग्रामांतही फार सोपे झाले आहे. आमची अट एकच होती: लुर्दमातेच्या गुंफेत डबा नको. दगडी कुंपणाच्या फटीत नको, हे त्यांनी आपणहून सांगितले. दगड हलवून जुनी कुंपणे खिळखिळी करायची नाहीत, असा त्यांचा नियमच आहे.

बाईंनी त्याच आठवड्यात बागेतले चार डबे दडवले. पावले मोजायची नव्हती, म्हणून खुणा सगळ्या नजरेच्या. या बाकावर बसा, घंटेचा खांब दिव्याच्या खांबाआड जाईल तेथवर सरका, मग डावीकडे पाहा, अशा.

मेळाव्याला साठ-पासष्ट माणसे आली. बेडूक आणि किटली एकमेकांना भेटले आणि बराच वेळ काय बोलावे ते दोघांनाही सुचेना. निम्मी मंडळी पावसात माळावर गेली. म्हातारे गृहस्थ बागेत राहिले. तीन डबे त्यांना दीड तासात सापडले. चौथा काही केल्या सापडेना. माळावरून परतलेल्या तरुणांनीही शोधला, व्यर्थ. मग बाईंच्या लक्षात आले. चेस्टनटच्या पालवीची कड आणि क्रूसाचे टोक जेथे जुळते ती त्या डब्याची खूण, आणि मधल्या वादळात झाडाची सारी पाने गळून गेली होती. त्या लाजल्या आणि जागा दाखवायला पुढे झाल्या. गृहस्थांनी काठी आडवी धरून त्यांना थांबवले.

“सांगू नका,” ते म्हणाले. “पालवी मे महिन्यात येते.”

खुणांचा कागद घडी करून त्यांनी आतल्या खिशात ठेवला आणि मे महिन्यात आठवड्याच्या दिवशी आमच्या चर्चवरून कोणती बस जाते, ते आम्हांला विचारले. मे महिन्यात आम्ही वसईला परतलेले असणार होतो. तरी आम्ही सभागृहाच्या दारावरचे वेळापत्रक वाचून त्यांना दोन बस लिहून दिल्या.