डबा

आयुष्यात मी डबे पुष्कळ हरवले. जेवणाचे तीन डबे तर एकट्या ठाणे स्टेशनाने गिळले. चौथा गेला तेव्हा ‘उद्यापासून रुमालात भाकरी बांधून देईन’ असा दम आमच्या घरातून मिळाला होता. पण आपण न हरवलेला, दुसऱ्याने मुद्दाम लपवलेला डबा शोधायला डोंगर चढायचा योग सत्तरी उलटल्यावर आला. त्याला कारण आमची नात.

नात सिएटलला राहते. तीन आठवड्यांसाठी ऐरोलीला आली होती आणि त्यातले एकोणीस दिवस सरले होते. तेवढ्यात मी तिला खाडीपूल दाखवला, मासळीबाजार दाखवला, खाडीकाठचं जैवविविधता केंद्र दाखवलं. प्रत्येक ठिकाणी ती ‘नाइस, आजोबा’ म्हणाली. हे ‘नाइस’ म्हणजे मुलगी पसंत नसताना आपल्याकडे ‘पत्रिका बघून कळवतो’ म्हणतात ना, त्या जातीचं. उरलेल्या दोन दिवसांत हिच्या तोंडून दुसरा एखादा शब्द निघाला नाही, तर आजोबा म्हणून आपण नापास, हे मला कळून चुकलं होतं.

विसाव्या दिवशी तिनेच सांगितलं, की तिकडे ती ‘जिओकॅशिंग’ नावाचा खेळ खेळते. कुणीतरी डबा लपवतो, जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो, बाकीच्यांनी तो हुडकायचा, आतल्या वहीत सही करायची आणि डबा होता तिथे ठेवून द्यायचा. आतली एखादी वस्तू घेतलीत, तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची. या खेळाची मुंज २००० सालातली. उपग्रहांच्या संदेशात अमेरिकन सरकार मुद्दाम थोडी चूक मिसळून ठेवत असे, त्यामुळे सामान्य माणसाचं यंत्र शंभरेक मीटरने सहज चकायचं. २ मेला ती चूक काढून टाकली आणि ३ मेला डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थांनी ऑरेगनच्या रानात एक बादली पुरून आकडे जाहीर केले. बादलीत पुस्तकं होती, गलोल होती आणि बीन्सचा एक सीलबंद डबा होता. म्हणजे मुळातच डब्यात डबा!

आमच्या चिरंजीवांनी भाचीसाठी रातोरात घरगुती खेळ रचला. भल्या पहाटे गवळीदेवाच्या डोंगरावर जाऊन, तिथल्या राखणदाराच्या कानावर घालून, डबा ठेवून आले आणि ऑफिसला गेले. खेळ टप्प्याटप्प्यांचा. पहिली चिठ्ठी सोसायटीच्या बाकाखाली. तीत आकडे होते, पण एक जागा रिकामी. अक्षांशाच्या मिनिटांपुढचा पहिला दशांश आकडा डोंगराच्या पायथ्याशी मिळायचा होता. तिथे ‘प्लॅस्टिक टाकू नये’ अशी पाटी आहे, तिच्यावरची अक्षरं मोजायची.

रिक्षाने ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडला, कारखान्यांच्या गल्ल्या मागे टाकल्या आणि पाटीसमोर उभे राहिलो.

“सात,” मी म्हणालो. “प्लॅ, स्टि, क. टा, कू. न, ये.”

“नऊ,” नात म्हणाली. “प, ल, स, ट, क. मग चार.”

आता काय सांगायचं! जोडाक्षर हे एकच अक्षर असतं, हे मी तिला आधी प्रेमाने, मग उदाहरणांनी आणि शेवटी वडीलधारेपणाने पटवलं. ती “ओके, आजोबा” म्हणाली. हे ‘ओके’ ‘नाइस’पेक्षाही वाईट होतं.

सातच्या हिशेबाने तिच्या फोनने आम्हाला एका कातळाशी नेलं. या खेळाचा पहिला नियम, की आपण काय शोधतोय हे परक्याला कळता कामा नये. तो नियम करणाऱ्याने आपल्याकडचा डोंगर पाहिलेला नसावा. मी दोन दगड उचलले असतील नसतील, तोच मागून प्रश्न आला, “काका, काय पडलं?”

“काही नाही.”

“सोन्याचं आहे का?”

पाच मिनिटांत सात माणसं वाकली. सकाळी फिरायला येणाऱ्या दोन बायका, कानटोपीवाले एक गृहस्थ, तीन कॉलेजचे पोरगे आणि सरपण नेणारी एक बाई. कानटोपीवाल्यांना माझी कवळी पडल्याची खात्रीच होती, ते मला पुनःपुन्हा हसून दाखवायला सांगत होते. शेवटी डबा शोधतोय म्हटल्यावर सगळे एकदम सरळ उभे राहिले. बेवारस वस्तूला हात लावू नका, हे लोकलच्या फलाटावर उभ्या जन्मात दहा हजार वेळा ऐकलेली माणसं ही! मग नातीने आपल्या मोडक्या मराठीत सगळा खेळ समजावून सांगितला. एकोणीस दिवसांत इतकं मराठी ती माझ्याशी बोलली नव्हती.

पाऊण तास झाला. डबा नाही. मुलाला फोन लावला, तर तो मीटिंगमध्ये. नात दगडावर बसून बुटाच्या नाडीशी चाळा करत होती आणि माझ्या पोटात गोळा आला.

“पाटीवर अक्षरं किती म्हणालात?” कानटोपीवाल्यांनी विचारलं. झालं, जोडाक्षरावर परिसंवाद सुरू झाला. बायका माझ्या बाजूने, पोरगे नातीच्या. सरपणवाल्या बाईंनी मात्र मुद्द्याचं विचारलं, “डबा ठेवला कुणी? त्यो कंच्या शाळंत शिकला?”

मी गप्प. इंग्रजी शाळेत. घरातल्यांचा विरोध मोडून, देणगी भरून मीच त्याला घातला होता.

“मग नऊच!” पोरगे ओरडले.

अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे सुमारे १,८५० मीटर, त्याचा दहावा भाग १८५. सात आणि नऊ यांत ३७० मीटरचं अंतर पडतं, आणि ते सगळं चढाचं होतं. माझ्या गुडघ्यांनी जोडाक्षराचा एकेक मीटर मोजला. वर झाडाच्या मुळाशी, चपट्या दगडामागे डबा होता. नात किंचाळली, “आजोबा, भारी!”

डबा श्रीखंडाचा. आत वही, पेन्सिल आणि चिरंजीवांच्या लहानपणीची एक काचेची गोटी. नातीने गोटी घेतली आणि पाव डॉलरचं नाणं ठेवलं. वहीत सही दोघांची व्हायची होती. पण शोधायला लावलेल्या माणसांना ‘या आता’ कसं म्हणायचं? कानटोपीवाल्यांनी आधी ‘श्री’ काढला, मग सगळ्यांनी सह्या केल्या. सरपणवाल्या बाईंनी अंगठा पुढे केला, शाई नव्हती म्हणून पोरांनी तो पेन्सिलीने गिरवला.

“आजोबा, हे सीक्रेट असतं,” उतरताना नात कुजबुजली. पण हसत होती.

ती गेल्याला आता महिना झाला. काल बाजारात कानटोपीवाले भेटले. लांबूनच ओरडले, “काका, डबा जागेवर आहे हां! मी रोज उघडून बघतो. वही संपत आलीय, दोनशे पानी घेऊन या.”