सर, ऑक्सिजन ७०!

मी इंग्लंडमध्ये भूलतज्ज्ञ आहे. मंडळाच्या कार्यक्रमात कोणी विचारलं, की गमतीने सांगते, "लोकांना झोपवते." खरं काम मात्र झोपलेल्या माणसाचा श्वास चालू ठेवण्याचं. भुलेबरोबर स्नायू सैल करणारं औषध दिलं की श्वास थांबतो. मग श्वासनलिकेत नळी घालून तो आम्ही चालवतो. नळी बहुतेक वेळा सहज जाते. क्वचित ती जात नाही, मास्कनेही हवा आत शिरत नाही, आणि हाताशी मोजकी मिनिटं उरतात.

असा प्रसंग काही डॉक्टरांच्या वाट्याला उभ्या नोकरीत येतही नाही. म्हणून आम्ही तो मुद्दाम घडवून आणतो. थिएटर खरं, यंत्रं खरी, टेबलावर मात्र पुतळा. त्याची छाती वरखाली होते, जीभ सुजवता येते. मी कोपऱ्यात टॅब्लेट घेऊन त्याचा ऑक्सिजन उतरवत जाते : ९५, ८८, ७६. तसतसा मॉनिटरचा आवाजही खर्जात जातो. पुतळा आहे हे ठाऊक असूनही लोकांना घाम फुटतो.

या शिकवणीत एक नाव नेहमी निघतं, इलेन ब्रॉमिली. २००५ च्या मार्चमध्ये ही ३७ वर्षांची आई सायनसच्या साध्या ऑपरेशनसाठी गेली. भूल दिल्यावर नळी जाईना. अनुभवी डॉक्टर पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहिले. एका नर्सने गळ्याला छेद देऊन वाट करण्याचं सामान आणलं, तसं सांगितलंही. दुसरीने आयसीयूत खाट पाहून ठेवली. त्यांचं म्हणणं कोणाच्या कानात शिरलं नाही. १३ दिवसांनी इलेन गेली. तिचे पती मार्टिन वैमानिक. दबावाखाली एकमेकांशी कसं बोलायचं, हे वैमानिक सिम्युलेटरमध्ये शिकतात. मग डॉक्टर का नाही, असं त्यांनी विचारलं. २००७ मध्ये त्यांनी त्यासाठी 'क्लिनिकल ह्यूमन फॅक्टर्स ग्रुप' सुरू केला.

डिफिकल्ट एअरवे सोसायटीच्या २०१५ च्या नियमावलीत चार पायऱ्या आहेत : नळी, घशात बसणारा मास्क, चेहऱ्यावरचा मास्क, आणि शेवटी गळ्याला छेद. पायऱ्या पाठ होतात. पण तिसरीवरून चौथीवर जायचं, हे मोठ्याने म्हणणं अवघड जातं.

एकदा भारतातून नुकतीच आलेली एक नर्स सरावाला होती. छेदाचा संच हातात धरून ती हळूच म्हणाली, "सर, हे हवंय का?" कन्सल्टंटने मान वर केली नाही. नंतरच्या चर्चेत मी तिला विचारलं, "ऑक्सिजन किती होता?"

"६४. मला दिसत होता."

"मग बोलली का नाहीस?"

"सर एवढे सीनियर. त्यांना दिसतच असेल ना."

कन्सल्टंट शांतपणे म्हणाले, "मी घशातच बघत होतो. मला आकडा दिसला नाही आणि तुझा आवाजही ऐकू आला नाही."

दुसऱ्या फेरीत ती खणखणीत आवाजात म्हणाली, "सर, ऑक्सिजन ७०! तीन प्रयत्न झालेत. गळ्याचा संच उघडलाय." त्यांनी लगेच स्केलपेलसाठी हात पुढे केला.

तिचा पहिला आवाज माझ्या ओळखीचा होता. 'मोठ्यांच्या मध्ये बोलू नये' हे आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेलं आहे. इथे वाढणारी आपली मुलं प्रश्न विचारतात, आणि आपण त्याला उलट उत्तर म्हणतो. त्यांतली काही उद्या नर्स होतील, डॉक्टर होतील. काही तर टेबलावरच्या आपल्या शेजारी उभी असतील.

त्यांनी 'सर' जरूर म्हणावं. त्यापुढचा आकडा मात्र सरांना ऐकू गेला पाहिजे.