सोनसाहेबांचें घर

आमच्या वडिलोपार्जित वाड्याच्या दुरुस्तीची बोलणीं चाललीं असतां काळोख्या माजघरांत उजेड कसा आणावा, यावरून थोरल्या व धाकट्या मंडळींत रोज वाद होत असे. तो अर्धवट टाकून आम्ही विलायतेस गेलों. आणि लंडनच्या लिंकन्स इन फील्ड्स या चौकांतील १३ नंबरच्या घरांत त्याचें उत्तर अकल्पितपणें पुढें आलें.

हें घर सर जॉन सोन या शिल्पज्ञांचें. बाप गवंडी, मुलगा मात्र बँक ऑफ इंग्लंडचा शिल्पज्ञ झाला. १७९२ पासून १८२४ पर्यंत शेजारशेजारचीं तीन घरें घेऊन, पाडून व पुनः बांधून त्यांनीं आपला संसार व संग्रह येथें थाटला.

न्याहारीच्या लहानशा खोलींत शिरतांच आम्ही थबकलों. घुमटाकार छताला व सभोंवार शंभरांहून अधिक फुगीर आरसे; प्रत्येकांत सबंध खोली, आणि खोलींत आम्ही! आडून, पिवळ्या कांचेंतून उतरणारा उजेड असा, कीं बाहेर मळभ असतांही आंत कोंवळें ऊन पडल्याचा भास व्हावा. चित्रांची खोली जेमतेम बारा-तेरा फुटांची. पण भिंतीच कपाटाच्या दारांप्रमाणें उघडतात व आंतून आणखी चित्रें निघतात. तळघरांत मिसरच्या सेटी राजाची शवपेटी आहे. तिचा दगड असा, कीं आंत दिवा धरल्यास सारा उजळावा. ती २,००० पौंडांस घेऊन सोन यांनीं १८२५ मध्यें तीन रात्रीं दीपोत्सव करून पाहुण्यांस दाखविली.

त्याच चित्रांच्या खोलींत हॉगार्थचीं आठ चित्रें आहेत: बापाची दौलत उधळून वेड्यांच्या इस्पितळांत पोंचलेल्या मुलाचीं. सोन यांनीं तीं १८०२ मध्यें घेतलीं. पुढें त्यांचाच धाकटा मुलगा जॉर्ज कर्जांत बुडाला, आणि १८१५ मध्यें त्यानें निनांवी लेखांतून बापाच्या कलेची टर उडविली. त्याच वर्षीं आई वारली. तिच्या मृत्यूचा दोष बापानें मुलास दिला, तो कायमचा. १८३३ मध्यें पार्लमेंटकडून कायदा करवून घेऊन त्यांनीं घर राष्ट्राच्या स्वाधीन केलें. १८३७ मध्यें ते निवर्तले. आज तेथें वाटेल त्यास विनामूल्य प्रवेश आहे. वारसा तेवढा मुलाला मिळाला नाहीं.

परत आल्यावर आम्हीं माजघरावर कांचेचीं कौलें बसविलीं. परंतु त्याआधीं एके रात्रीं ओसरीवर सर्वांस बसवून धाकट्यांचें म्हणणें शेवटपर्यंत ऐकून घेतलें. कौलें कोठें बसवावीं हें त्यांनींच अचूक सांगितलें.