नसलेल्या जागेची खाज

मैत्रिणींनो, सांगू की नको, असं करत दोन वर्षं घालवली. आज सांगतेच. हसू नका हं!

2022 च्या श्रावणात माझं कॅन्सरचं ऑपरेशन झालं. डावा स्तन काढला, काखेतल्या गाठीही काढल्या. टाके सुकले, भेटायला येणारी माणसं येऊन गेली. आणि एका रात्री डावीकडे खाज सुटली. कुठे? तर जिथे आता काहीच नाही, तिथे! हात नेला तर लागली सपाट छाती नि टाक्यांची रेघ. खाज मात्र तिच्याही पुढे, हवेत.

ह्यांना सांगावं तर घाबरतील, सासूबाईंना सांगावं तर दृष्ट काढतील. मला वेगळीच धास्ती. रोग उलटला, की माझं डोकं फिरलं?

एकदा खांदा आखडला म्हणून रबरी पिशवीने शेकत बसले. रात्री ह्यांनी विचारलं, "दंडाला काय झालं गं?" बघते तर आतल्या बाजूला हा एवढा फोड! मला पत्ताच नाही. मग रडत रडत सगळंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या हसल्या नाहीत, दचकल्याही नाहीत. "पुष्कळ बायकांना होतं असं. विचारल्याशिवाय सांगत नाहीत, एवढंच," म्हणाल्या. अवयव गेला तरी मेंदूतली त्याची जागा राहते. तुटलेल्या नसांकडून आलेला निरोप मेंदू जुन्याच पत्त्यावर पोचवतो. काखेतून दंडाकडे जाणारी नस ऑपरेशनात दुखावली, तर तिथली कातडी बधिर होते. कुणाला मुंग्या येतात, कुणाला चमका, कुणाला छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं होतं. बहुतेकींचं हळूहळू कमी होतं, काहींचं थोडं उरतं.

आता बधिर बाजूला शेक बंद. आंघोळीचं पाणीही उजव्या हाताने बघते. मात्र हात सुजला, लाल झाला, नवी गाठ लागली किंवा दुखणं वाढत चाललं, तर घरगुती उपाय करत बसू नका. लगेच दाखवा.

खाज अजून अधूनमधून येते. परवा ह्यांनी विचारलं, "कुठे खाजतंय?" मी हवेत बोट दाखवलं. ह्यांनी गंभीरपणे तिथेच खाजवलं! दोघंही पोट धरून हसलो.

तुमच्यापैकी कुणी पदराआड असंच काही सोसत असेल, तर बाई गं, बोल. वेड नाही लागलेलं तुला.