घरांची साखळी आणि ताब्याची तारीख

एका घराच्या विक्रीवर दुसऱ्या घराची खरेदी आणि त्या खरेदीवर तिसऱ्या कुटुंबाचा मुक्काम अवलंबून असला की साखळी तयार होते. भोपाळमध्ये तिचा एक नेहमीचा नमुना आहे. भेलमधला (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) अधिकारी साठाव्या वर्षी निवृत्त होतो. पिपलानी किंवा बरखेड्यातले क्वार्टर सोडायचे असते, म्हणून तो अवधपुरीत डुप्लेक्स ठरवतो. डुप्लेक्स विकणाऱ्यांना अरेरा कॉलनीत मोठे घर हवे असते. अरेरा कॉलनीतले वृद्ध जोडपे मुलाजवळ पुण्याला निघालेले असते आणि पुण्याच्या फ्लॅटचा ताबा बिल्डरने अजून दिलेला नसतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राजधानी भोपाळला आली तेव्हा नागपूरहून सरकारी नोकरीबरोबर आलेल्या मराठी कुटुंबांपैकी अनेकांनी इथेच घरे बांधली. त्यांची पुढची पिढी पुण्या-बंगळुरूला किंवा परदेशात गेल्यामुळे ही घरे आता एकेक करून विक्रीला येतात. म्हणून साखळीचे वरचे टोक पुष्कळदा मध्य प्रदेशाबाहेरच असते.

इंग्लंड आणि वेल्समध्ये अशी साखळी नेहमीची आहे आणि तिची रीतही ठरलेली आहे. वकिलांमार्फत करारांची अदलाबदल होईपर्यंत कोणीच बांधलेला नसतो. अदलाबदल झाली की सर्व कड्यांची ताब्याची तारीख एकच पक्की होते. भारतात असा सामाईक क्षण नाही. प्रत्येक व्यवहाराचा इकरारनामा वेगळा, बयाणा वेगळा आणि मुदत वेगळी असते. डुप्लेक्स घेणाऱ्याला पुण्याच्या बिल्डरचे नावही ठाऊक नसते, तरी त्याचे सामान ट्रकवर कधी चढेल हे तोच बिल्डर ठरवत असतो. त्यामुळे मध्यस्थाचे किंवा वकिलाचे पहिले काम सगळ्या कड्यांची नावे, कर्जे आणि अडचणी एका कागदावर आणण्याचे आहे. हे काम कुणी सांगत नाही आणि त्याचे वेगळे पैसेही मिळत नाहीत. ते न झालेली साखळी मात्र नेमकी शेवटच्या आठवड्यात अडकते.

कायद्याची चौकट थोडक्यात अशी. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ नुसार विक्रीच्या कराराने मालकी जात नाही. ती नोंदणीकृत विक्रीखताने जाते. मुखत्यारपत्र आणि इकरारनाम्यावर घर 'घेतल्याचे' समाधान मानणाऱ्यांचा भ्रम सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या सूरज लॅम्प प्रकरणात दूर केला. तारखेबाबत न्यायालयाची भूमिका अधिक सैल आहे. चांद राणी विरुद्ध कमल राणी या प्रकरणात घटनापीठाने सांगितले की स्थावराच्या व्यवहारात मुदत हाच कराराचा गाभा आहे असे गृहीत धरता येत नाही. तसा हेतू शब्दांतून किंवा परिस्थितीतून दिसावा लागतो. पुढे १९९७ च्या के. एस. विद्यानादम प्रकरणात, मदुराईतल्या एका घराच्या खरेदीदाराने सहा महिन्यांची मुदत असताना अडीच वर्षे स्वस्थ बसल्यावर त्याला घर नाकारले गेले, कारण शहरातल्या किमती कुणासाठी थांबत नाहीत. या दोन्हींतून व्यवहारात घ्यायचे ते एवढेच: तारीख खरोखर महत्त्वाची असेल तर ती का महत्त्वाची आहे हे इकरारनाम्यात लिहावे. 'क्वार्टर अमुक तारखेला परत करायचे आहे' हे एक वाक्य 'मुदत हा कराराचा गाभा राहील' या छापील ओळीपेक्षा जास्त वजनदार ठरू शकते.

तारखेची बोलणी करताना सर्वांत मोठा घोटाळा होतो तो तीन तारखांना एक समजण्यामुळे. पैसे हातात येण्याची तारीख, रजिस्ट्रीची तारीख आणि किल्ल्या देण्याची तारीख या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि साखळीत त्या एकाच दिवशी आणण्याचा अट्टहास करू नये. खालच्या घराच्या खरेदीदाराचे कर्ज डिमांड ड्राफ्टने येते. तो ड्राफ्ट विक्रेत्याच्या खात्यात वटल्याशिवाय वरच्या घराचे पैसे निघत नाहीत. १४ डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस चोवीस तास चालते हे खरे, पण ड्राफ्ट चालत नाही आणि पंजीयन कार्यालयही रविवारी बंद असते. म्हणून दोन रजिस्ट्रींमध्ये निदान दोन कामकाजाचे दिवस मोकळे सोडावेत. 'सकाळी आमचे, दुपारी त्यांचे' असा बेत परी बाजार किंवा आयएसबीटीच्या कार्यालयात एखाद्या दिवशी पार पडतोही. त्यावर चार कुटुंबांचे सामान बांधणे हा निव्वळ जुगार आहे.

विलंबाचे खरे उगमस्थान बहुतेक वेळा जुने कर्ज असते. डुप्लेक्सवर बँकेचा बोजा असेल तर खरेदीदाराची बँक आधी तो फेडते आणि मूळ कागद नंतर येतात. रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकानुसार, १ डिसेंबर २०२३ पासून कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत देणे बंधनकारक आहे आणि उशीर बँकेचा असेल तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला मिळते. नियम चांगला आहे. पण साखळीचे वेळापत्रक आखणाऱ्याने हे ३० दिवस पूर्ण मोजावेत. 'ओळखीचा मॅनेजर आहे, आठवड्यात देईल' या वाक्यावर तारीख देऊ नये. मालकांपैकी एखादा भाऊ परदेशात असेल तर आणखी दोन कामे वाढतात. परदेशात केलेल्या मुखत्यारपत्रावर ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक लागावा लागतो. शिवाय अनिवासी विक्रेत्याच्या रकमेतून जास्त दराने करकपात होते, आणि ती कमी करून घेण्याचा दाखला मिळवायला आठवडे जातात. हे अर्ज घर विकायचे ठरल्याबरोबर करावेत. रजिस्ट्रीचा स्लॉट घेतल्यावर आठवण झाली तर उशीर झालेलाच असतो.

मध्य प्रदेशात ई-पंजीयनाची 'संपदा' प्रणाली २०१५ पासून राज्यभर आहे आणि ऑक्टोबर २०२४ पासून तिची दुसरी आवृत्ती चालते. स्लॉट मिळणे एरवी अवघड नसते. मार्चमध्ये मात्र असते. कलेक्टर गाइडलाइनचे, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान मूल्याचे, दर १ एप्रिलला बदलतात. मुद्रांक शुल्क, उपकर आणि नोंदणी फी मिळून महापालिका हद्दीत साधारण साडेबारा टक्के लागतात आणि ते गाइडलाइन किंवा ठरलेली किंमत यांतल्या जास्त आकड्यावर मोजले जातात. त्यामुळे गाइडलाइन वाढणार अशी कुजबुज सुरू झाली की सगळे शहर मार्चअखेरीस कार्यालयाकडे धावते. साखळीतली रजिस्ट्री शेवटच्या आठवड्यात ठेवू नये. ठेवावीच लागली तर इकरारनाम्यात एक कलम असावे: ज्याच्या कारणाने तारीख १ एप्रिलच्या पलीकडे जाईल त्याने वाढलेल्या शुल्काचा फरक सोसावा. हे कलम लिहायला दोन ओळी लागतात. ते न लिहिल्यामुळे होणारी भांडणे मात्र लाखांवर जातात आणि ती हमखास रजिस्ट्रीच्या टेबलाशीच होतात.

पंचांग हा बोलण्यांतला सर्वांत नाजूक भाग, आणि भोपाळमध्ये तो दुप्पट नाजूक. इथल्या मराठी घरात अमान्त महिना चालतो आणि हिंदीभाषक शेजाऱ्याकडे पौर्णिमान्त. वद्य पक्षातल्या महिन्याचे नाव दोघांकडे वेगळे असते. 'आश्विनात ताबा देऊ' म्हटल्यावर मराठी विक्रेत्याच्या मनात नवरात्र असते आणि खरेदीदाराच्या आश्विनाची सुरुवात पितृपक्षाने होते. करारात तिथी न लिहिता इंग्रजी तारीख लिहिण्याचे हे साधे कारण. आणखी एक अडचण खरमासाची. सूर्य मीन राशीत असतो तो मध्य मार्च ते मध्य एप्रिलचा काळ हिंदीभाषक कुटुंबे गृहप्रवेशाला वर्ज्य मानतात, आणि गुढीपाडवा बहुतेक त्यातच येतो. मराठी कुटुंबाला साडेतीन मुहूर्तांपैकी तो सोडवत नाही, समोरच्याला त्या दिवशी दारही उघडवत नाही. २०२६ चा पाडवा १९ मार्चला आला तो असाच. त्याच वर्षी १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, म्हणजे मुलांच्या सुट्ट्या आणि पावसाआधीची कोरडी हवा असलेला, सामान हलवायला उत्तम असा महिनाही अनेकांच्या हातून गेला.

यावर उपाय आहे तो तारखा वेगळ्या करण्याचाच. बहुतेक कुटुंबांचा आक्षेप राहायला जाण्याला असतो, सहीला नसतो. तेव्हा रजिस्ट्री मार्चमध्ये जुन्या गाइडलाइनने, प्रवेश अक्षय्य तृतीयेला, अशी तडजोड पुष्कळदा दोन्हींकडे पटते. सहीलाही पितृपक्ष नको म्हणणारी घरे आहेत. त्यांच्याशी वाद घालू नये, तेवढे पंधरा दिवस वेळापत्रकातून आधीच वगळावेत. श्रद्धा खरी की सबब, हे ओळखायला एक प्रश्न पुरतो: 'मग तुमच्या गुरुजींनी सांगितलेला पुढचा दिवस कोणता?' खऱ्या श्रद्धेला पुढचा मुहूर्त माहीत असतो. ज्याला किंमत पुन्हा काढायची असते त्याला तो सुचत नाही.

रजिस्ट्री आणि ताबा यांत अंतर पडले की ते अंतर कुणाच्या बाजूला आहे हे पाहावे लागते. रजिस्ट्रीआधी ताबा देणे विक्रेत्यासाठी धोक्याचे. घर गेलेले असते, पैसे आलेले नसतात आणि समोरच्याची घाई संपलेली असते. २००१ च्या दुरुस्तीनंतर ताब्यासह केलेला इकरारनामा नोंदवलेला नसेल तर खरेदीदाराला मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३अ चे, म्हणजे मिळालेला ताबा टिकवण्याचे, संरक्षणही मिळत नाही, म्हणजे धोका दोघांनाही असतो. 'रंगकामापुरती किल्ली' हा याचाच गोड अवतार आहे. रंगारी येतो, मग सुतार येतो, मग एक पलंग येतो. किल्ली द्यायचीच तर दिवसापुरती द्यावी आणि संध्याकाळी परत घ्यावी.

रजिस्ट्रीनंतर विक्रेता काही दिवस राहणार असेल तर ती व्यवस्था जास्त स्वच्छ करता येते, मात्र ती तोंडी ठेवू नये. अरेरा कॉलनीतल्या जोडप्याला पुण्याचा ताबा मिळेपर्यंत महिनाभर राहायचे आहे, तर त्या मुदतीचा वेगळा परवाना-करार करावा. रक्कम भाडे म्हणून न लिहिता वापरशुल्क म्हणून लिहावी, म्हणजे भाडेकरूपणाचा प्रश्न उभा राहण्याची शक्यता कमी होते. विक्रीखतात पूर्ण किंमत पोचल्याचे लिहिलेले असल्याने 'राहिलेले दोन लाख नंतर' हा तोंडी वायदा कायद्यापुढे लंगडा पडतो. विक्रेत्याने पूर्ण रक्कम घ्यावी आणि त्यातून ठरलेली अनामत खरेदीदाराकडे परत ठेवावी. पुण्याच्या टोकाला बिल्डरच्या फोनवर भरवसा ठेवू नये. महारेराच्या संकेतस्थळावरची नोंदलेली तारीख पाहावी आणि भोगवटा प्रमाणपत्र हाती आल्याशिवाय भोपाळच्या घराची किल्ली कबूल करू नये. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १८ ने बिल्डरच्या उशिरावर दरमहा व्याज मिळते. पण ते व्याज पुण्याच्या खरेदीदाराला मिळते, अवधपुरीत अडकलेल्याला नाही.

उशिराची भरपाई ठरवताना आकडा मोठा लिहून धाक दाखवण्याची हौस पुष्कळांना असते. 'रोज दहा हजार' वाचायला भारी वाटते, पण १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ खाली न्यायालय वाजवी तेवढेच देते आणि लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा ठरते. त्यापेक्षा खर्च मोजून आकडा काढावा: दुसरीकडच्या घराचे भाडे, गोदामाचे शुल्क, कर्जाचे दिवसाचे व्याज. सर्व कड्यांत तोच दर असला तर उशीर करणाऱ्याचे पैसे खालपर्यंत पोचतात आणि मधल्या कुणाला त्यातून कमाई होत नाही. या आकड्याला पहिले दहा-पंधरा दिवस सूट ठेवावी. बँकेचा सही करणारा अधिकारी रजेवर गेला म्हणून कुणाला दंड बसू लागला की माणसे बोलणी सोडून नोटिसा पाठवू लागतात.

बातमी कधी सांगायची, हा या कामातला सर्वांत अवघड प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर सोपे आहे: कळेल त्या दिवशी. एका कडीत आठवड्याचा उशीर दिसू लागला की पुढच्यांना तो लगेच आणि नव्या तारखेसह सांगावा. 'बघू, होईल' म्हणत दिवस ढकलणारा माणूस वाईट नसतो, भिडस्त असतो. नुकसान दोघांकडून सारखेच होते. सांगताना कारणाचा कागद जोडावा, मग ते मंजुरीपत्र असो की फोरक्लोजरचे पत्र. मुदतवाढ फोनवर मान्य झाली तरी दोन्ही बाजूंच्या सह्यांचे पुरवणीपत्र करावे आणि त्यात बाकीच्या अटी कायम असल्याचे लिहावे. व्हॉट्सॲपवरचे 'ओके' पुरावा म्हणून उपयोगी पडेलही, पण त्यात नवी तारीख नेमकी कोणती यावरच पुढे वाद होतो.

कितीही काळजी घेतली तरी काही साखळ्या जमत नाहीत. तेव्हा कुणीतरी मधली कडी मोकळी करावी लागते, म्हणजे दोन-तीन महिने भाड्याच्या घरात राहावे लागते. हे करणाऱ्याला दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहिल्यासारखे वाटते, पण बोलण्यांत त्याच्याइतका बळकट दुसरा कोणी नसतो. त्याला घर विकायला वरच्याची वाट पाहावी लागत नाही आणि घ्यायला घाई नसते. त्याने आपल्या दोनदा सामान हलवण्याचा आणि भाड्याचा खर्च वरच्या घराच्या किमतीतून मागावा, बहुतेकदा मिळतो. भांडवली नफ्यावरची आयकराची सूट त्याने गमावलेली नसते, कारण जुने घर विकल्यापासून दोन वर्षांत नवे घेण्याची मुभा आहे. विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपर्यंत घर घेतले नसेल तर रक्कम भांडवली नफा खात्यात ठेवावी लागते, एवढे लक्षात ठेवावे.

ताब्याच्या दिवशी विजेच्या मीटरचे आकडे, पाणीपट्टी आणि मालमत्ता कराच्या पावत्या आणि किल्ल्यांची संख्या लिहून दोन्ही बाजूंनी सही करावी. रजिस्ट्रीच्या तारखेपर्यंतची देणी विक्रेत्याची, हा मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ चा नियम आहे. विक्रेता त्यानंतर राहिला असेल तर त्या काळाचे वीज-पाणी कोणाचे, हे परवाना-करारात लिहिलेले असावे. नामांतरणाचा अर्ज खरेदीदाराने त्याच आठवड्यात महापालिकेत द्यावा. आणि साखळी तुटून प्रकरण न्यायालयात गेलेच, तर करार पूर्ण करून मागण्याचा दावा ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांत दाखल करावा लागतो. मुदतवाढ लेखी असेल तर ही तीन वर्षे नव्या तारखेपासून मोजली जातात.